अकरा मिनिटं

फॉर्मवर तीनच चौकोन होते.
तीन दिवस, बावीस शर्यती, चौकोन तीन.
महिनाभर तो कागद फ्रिजवर,
गॅसवाल्याच्या नंबराखाली.
भाकरी थापता थापता मी शर्यती बदलायची,
पेन्सिलीला पीठ लागायचं.

शुक्रवारी आठशे फ्रीस्टाइल. ते ठरलेलंच.
आठशे म्हणजे मला नाइट ड्यूटी,
एकदा लागली की उजाडेपर्यंत कुणी हाक मारत नाही.
शनिवारी पन्नास ब्रेस्टस्ट्रोक, सकाळची पहिलीच.
गुडघा तेव्हा झोपेत असतो,
त्याला कळायच्या आत संपते.
रविवारी दोनशे बॅकस्ट्रोक.
पंचावन्न ते एकोणसाठमध्ये दोघीच:
मी आणि कोपरखैरण्याची ऊर्मिला ठोसर.
भिंतीला हात लावला की पदक.
मुलाने रंगीत तक्ता करून पाठवला, खाली लिहिलं,
आई, रविवार सोडू नकोस.

सारसोळ्याच्या खाडीत आमच्या पोहण्याला नाव नव्हतं.
बा तिथी मोजून सांगायचा,
आज अष्टमी, भांगाचं पाणी, त्यात दम नाही,
पुनवेला उधाण, तेव्हा पोरींनी काठालाच राहायचं.
वेळापत्रक चंद्राकडे होतं.
हे वाशीचं पाणी कुणाचंच ऐकत नाही,
पन्नास मीटर, निळं, क्लोरीनचं,
ओहोटीच नाही त्याला.

शनिवारी रात्री इक्बाल सरांचा फोन.
मिश्र मेडली रिले, एक बाई तापाने पडली.
तांडेल सिस्टर, तुमच्याशिवाय बेरीज होत नाही.
रिलेत चौघांची वयं मिळवतात.
कर्णिक बहात्तर, सर चौसष्ट, बँकेतली शर्वरी पंचेचाळीस,
माझे एकोणसाठ धरून
दोनशे चाळीस. नेमके.
एक जरी कमी, तर खालच्या गटात,
तिथली पोरं आम्हाला गिळतील.

इतकी वर्षं वय मी हळूच सांगत आले,
लग्नाच्या बोलण्यात, बढतीच्या मुलाखतीत,
परवा दाताच्या डॉक्टरकडेसुद्धा.
आणि इथे कुणाला तरी ते पुरंच्या पुरं हवं होतं.

अडचण एवढीच:
बॅकस्ट्रोक दहा पस्तीसला, रिले दहा सेहेचाळीसला.
मध्ये अकरा मिनिटं,
त्यातली पाच मी पाण्यातच असणार.

रविवारी आठला टेबलाशी गेले.
नाव मागे घ्यायचा कागद. कारण? असा रकाना.
मुलगी म्हणाली, आजारपण लिहा, सगळे तेच लिहितात.
मी लिहिलं, बेरीज.
तिने वाचलं, माझ्याकडे पाहिलं, शिक्का मारला.

ऊर्मिला एकटीच पोहली.
माझी लेन तिच्या शेजारी सपाट पडून होती.
नंतर टॉवेल गुंडाळून आली, गळ्यात पदक,
म्हणाली, वळताना तुला शोधलं गं.
मला बोलता आलं नाही, आमची शिट्टी झाली होती.

पहिली मी, पाठीवर.
वर पत्र्याच्या छताला कबुतरं,
छत संपलं की भिंत.
मग शर्वरी, मग सर फुलपाखरासारखे नव्हे,
ओल्या गोधडीसारखे, पण आले.
आणि कर्णिकांनी उडी मारली
सरांचा हात भिंतीला लागायच्या आधी,
एक चुटकी वाजेल एवढंच आधी.
दुसरे आलो होतो आम्ही.
भिंतीवरच्या निकालात आमच्यापुढे वेळ नाही,
नुसतं: बाद.

कर्णिक बराच वेळ शॉवरखाली उभे राहिले.
पाणी केव्हाच बंद झालं होतं.
बाहेर आले तर म्हणाले, बहात्तर वर्षं
मला सगळे उशीर करतोस म्हणत आले हो.
शर्वरीला आधी हसू फुटलं.

पुढल्या वर्षी मी साठ ते चौसष्टमध्ये,
त्यात सगळ्यांत धाकटी.
ऊर्मिला अजून दोन वर्षं मागच्याच गटात राहील,
शेजारची लेन मिळणार नाही.
मुलाला पदकाचा फोटो हवा होता,
मी ओल्या कॉस्च्यूमचा पाठवला, दोरीवरचा.

सर हिशेब करत होते पार्किंगमध्ये,
प्रत्येकी एक, म्हणजे दोनशे चव्वेचाळीस.
चार जादा झाले सिस्टर,
सरावसुद्धा करायला नको.